फ्लॅटवरची मासेमारी

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला सांगितलं, "काकू, अमेरिकेच्या प्रवासावर पंधरा मिनिटं बोला." नायगारा इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलाय आणि उरलेल्यांनी त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेत. म्हणून मी मासेमारीवर बोलणार आहे. शाकाहारी मंडळींनी उठून जाऊ नये. या गोष्टीत खाल्लेल्या माशांपेक्षा सोडून दिलेलेच मासे जास्त आहेत.

लेक-जावई बॉस्टनजवळ राहतात. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडे होतो. जावई म्हणाले, "आई, शनिवारी फ्लॅट्सवर जायचंय." मला वाटलं, घर बदलतायत. तर फ्लॅट्स म्हणजे किनाऱ्यालगतचे उथळ, सपाट वाळूचे पट्टे. भरतीला त्यांच्यावर कमरेइतकं पाणी असतं, ओहोटीला बराच भाग उघडा पडतो. तिथे मेंटेनन्सचं बिल येत नाही. समुद्र दिवसातून दोनदा झाडून-पुसून जातो.

नकाशात मॅसॅच्युसेट्स राज्याचा एक हात कोपरातून वाकवून समुद्रात काढलेला दिसतो, ते केप कॉड. कोपरापाशी चॅटम नावाचं गाव आहे आणि त्याच्या खाली मोनोमॉय हा वाळूचा लांबलचक पट्टा. १९४४ पासून तो वन्यजीवांसाठी राखीव आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाज याच भागातल्या उथळ पाण्याला आणि उसळत्या लाटांना घाबरून मागे फिरलं, म्हणून ते लोक उत्तरेला प्रोव्हिन्सटाउनला उतरले. आम्ही मात्र मुद्दाम त्याच पाण्यात गेलो, तेही पैसे देऊन.

चार्टर म्हणजे दिवसाच्या भाड्यात होडी, कॅप्टन, गळाच्या काठ्या, आमिष, बर्फ सगळं येतं. आपल्याकडचा तांडेलच म्हणा, फक्त त्याचं गिऱ्हाईक मासे विकत घेत नाही, मासे पकडण्याचा दिवस विकत घेतं. अशा छोट्या होडीवर सहाच उतारू चालतात. मासेमारीचा परवाना होडीचा असतो, गिऱ्हाइकाला वेगळा काढावा लागत नाही. आमचा कॅप्टन साठीच्या पुढचा, बोलायला बेताचा. पहिलं वाक्य बोलला ते, "इथे पोहायचं नाही." तिथे करडे सील खूप आहेत आणि सील आहेत म्हणून पांढरे शार्क आहेत. एके काळी सील मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. १९७२ च्या कायद्यानंतर ते वाढले. आता गळाला लागलेला मासासुद्धा कधी कधी सीलच घेऊन जातो.

फ्लॅट्सवर इंजिन बंद करतात. कॅप्टन मागच्या उंच चौथऱ्यावर उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो. कोणी मोठ्याने बोलायचं नाही, डबा आपटायचा नाही. खाली पांढरी वाळू आणि काचेसारखं पाणी. चकाकी मारणारे खास गॉगल आम्हाला दिले होते, तरी पहिला अर्धा तास मला फक्त पाणी दिसत होतं. मग कॅप्टनने काठीने दाखवलं. वाळूवर सावल्या सरकत होत्या. मासा नाही दिसत, त्याची सावली दिसते! भरतीबरोबर मासे वर चढतात, वाळूतले बारीक मासे आणि खेकडे खातात, आणि ओहोटी लागली की मधल्या खोल चरांतून परततात. त्या चरांच्या तोंडाशी थांबायचं. ज्यांचं बालपण कोकणात गेलंय त्यांना हे समजावून सांगायला नको.

मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. रुपेरी अंग आणि त्यावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा, वहीच्या पानासारख्या. आपल्या हिलशासारखा हा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो, मुख्यतः दक्षिणेकडे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आणि हडसन नदीत. उन्हाळा तो या थंड पाण्यात काढतो. शरदात पाणी गार व्हायला लागलं, खाड्यांमधला बारीक मासा बाहेर पडू लागला, की तो पोटभर खातो आणि दक्षिणेची वाट धरतो. म्हणून तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर हा गळवाल्यांचा दिवाळसण.

आमच्या ह्यांच्या गळाला एक लागला. दहा मिनिटं ओढाताण. वर घेतला तेव्हा सहा किलो तरी असेल. कॅप्टनने ओल्या पट्टीवर आडवा घातला, शेपटी चिमटीत धरली, म्हणाला "तेहेतीस", आणि परत पाण्यात! एका हाताने शेपटीशी धरून, तोंड प्रवाहाकडे करून, दम येईपर्यंत थांबला आणि सोडून दिला. आमच्या ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "लहान सोडतात हे ऐकलं होतं," ते म्हणाले, "मोठा का सोडायचा?"

सांगण्यासारखं आहे ते इथेच. २०२३ पासून तिकडे नियम असा आहे, की माणशी दिवसाला एकच बास ठेवायचा आणि तो २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आत हवा. लहान सोडा, कारण त्याने अजून वंश वाढवलेला नाही. मोठा सोडा, कारण वंश वाढवते ती मोठी मादीच. साडेपाच किलोची मादी साधारण साडेआठ लाख अंडी घालते, २५ किलोची सुमारे ४२ लाख. हा मासा तीस वर्षं जगू शकतो. म्हणजे एक म्हातारी मादी मारली, तर पुढची कितीतरी बाळंतपणं त्याच सुरीखाली जातात.

मी मनात म्हटलं, आणि आम्ही बाजारात काय विचारतो? "गाभोळीचा आहे का गं?"

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. १९७३ साली व्यापारी मासेमारीत सुमारे ६,८०० टन बास निघाला होता, १९८३ साली १,६०० टनांच्या आत आला. कॅप्टनच्या तरुणपणी अख्ख्या हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मासे लागायचे. १९८४ साली केंद्राने कायदा केला. मेरिलंड राज्याने १९८५ पासून पाच वर्षं पकड पूर्ण बंद ठेवली. १९९५ साली मासा सावरल्याचं जाहीर झालं. मग पुन्हा ढिलाई आली आणि २०१९ साली पुन्हा 'अति मासेमारी' हा शिक्का बसला. त्या ३१ इंचांच्या पट्टीमागे हे सगळं आहे.

माझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "खायचा नाही तर त्या जिवाला छळायचा कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. तिकडे हौशी लोक पकडलेल्या बासपैकी सुमारे ९० टक्के सोडतात, पण सोडलेल्या शंभरातले नऊ नंतर मरतात असं धरूनच शास्त्रज्ञ हिशेब करतात. म्हणून आमिषासाठी गोल वळणाचा गळ सक्तीचा आहे. तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. तरी खेळ तो खेळच. मला त्यात पुण्य काही दिसलं नाही, पण हिशेब दिसला.

दुपारी खोल पाण्याकडे गेलो. मोनोमॉयच्या टोकापलीकडे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यांवरून ओढ वाहते आणि भर समुद्रात लाटांची रांग उभी राहते. तिथे कुप्याचा एक चुलत भाऊ भेटला, फॉल्स अल्बाकोर. गळाला लागला की रीळ किंचाळतं. तिकडे तो फारसं कोणी खात नाही, हेही सोडून दिले. शेवटी ब्लूफिश लागले. दात असे, की कॅप्टन पक्कडीशिवाय हात लावेना. दोन घरी आणले. तेलकट मासा, बांगड्याच्या वळणाचा. लेकीकडे तिरफळं होती, आमसुलं होती. कालवण उत्तम झालं. तळायला घेतल्यावर धुराची घंटा वाजली आणि जावई टॉवेल घेऊन तिच्याखाली वारा घालत बसले, ते वेगळं.

आता आपल्या गेटवर या. पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदीही असते. म्हणजे नियम आपल्याकडेही आहेत. वरची मर्यादा नाही, खालची आहे. गेल्या रविवारी मी पट्टी घेऊन खाली गेले. टोपलीतला पहिला पापलेट १२ सेंटिमीटर भरला. कोळीणमावशी पंचवीस वर्षं आपल्या गेटवर येते, ती माझ्यावर उखडलीच. "ताई, जाळ्यात आलं ते आलं. मेलेलं पापलेट दर्यात सोडून काय जितं होनार हाय का?"

तिचं बरोबर आहे. तो मासा कोणी सोडायचा तर होडीवरच सोडायला हवा होता, आणि त्याहून बरं म्हणजे जाळ्याच्या मोठ्या आसातून त्यालाच निसटू द्यायला हवं होतं. पण सकाळच्या लिलावात ती काय उचलते, ते आदल्या दिवशी आपण काय उचललं त्यावर ठरतं. हे मी तिला म्हटलं. ती जरा शांत झाली. म्हणाली, "माज्याकडनं बारीक आननार नाय. पन तुमी नाय घेतलं तर सी विंगवाले मागतात, त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, त्यांना मी सांगते. कोजागिरीला सगळे गच्चीवर येतात.

तर सी विंगवाले, तुम्ही पहिल्या दोन रांगांमध्येच बसला आहात.