कऱ्हाडची प्रार्थना
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने साहित्याविषयी का बोलावे, असे कित्येकांस वाटेल. सन २०१६ मध्ये आपल्या पिंपरीस ८९ वे साहित्य संमेलन भरले, तेव्हा आम्ही तेथून दुर्गाबाई भागवत ह्यांचे 'ऋतुचक्र' विकत आणिले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याची सृष्टी न्याहाळणारा हा ग्रंथ १९५६ सालचा. पानाफुलांत रमणारी ही बाई सभेत कोणास काय दुखविणार, असे कोणी मानीत असेल, तर त्याने १९७५ सालचे कऱ्हाडचे संमेलन आठवावे.

तेथे दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. देशात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर बंधने होती, आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्रीय मंत्री होते. अशा सभेत त्यांनी लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला. स्थानबद्धतेतून नुकतेच सुटलेले जयप्रकाश नारायण रुग्णशय्येवर होते. त्यांस आरोग्य लाभावे म्हणून दुर्गाबाईंनी श्रोत्यांस प्रार्थना करावयास सांगितले. पुढे १९७६ साली त्यांस अटक झाली.

प्रार्थना हे तर आमचे नित्याचे काम! म्हणूनच ही गोष्ट आम्हांस बोचते. गतवर्षी एका वृद्ध भगिनीने सुचविले की, मिस्साच्या वेळी म्हणावयाच्या विनंत्यांत पवना व इंद्रायणी ह्या नद्यांसाठीही एक विनंती असावी. आळंदीस इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस तिने पाहिला होता. आम्ही 'पाहू' म्हटले आणि विषय टाळला.

का टाळला? समोरच्या बाकांवर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारे बसतात. त्यांची चूल त्या वेतनावर पेटते. त्यांच्या अन्नदात्यांवर देवघरातून बोट ठेवावे, हे आम्हांस जड गेले. शिवाय नदीत कारखान्यांचेच पाणी जाते असे नव्हे. घरोघरचे शुद्ध न केलेले सांडपाणी आणि साबणाचा अंशही जातो. वेदीची वस्त्रे आम्हीही साबणानेच धुतो. म्हणजे त्या विनंतीत आमचेही नाव आलेच असते. दुर्गाबाईंपुढे मंत्री होते. आमच्यापुढे आमचीच लेकरे होती, आणि तरीही आम्ही कचरलो.

ती भगिनी आज तिसऱ्या बाकावर बसली आहे. तिची विनंती येत्या रविवारी वाचली जाईल. शब्द मात्र तिनेच लिहून आणावेत, एवढे आमचे मागणे आहे. आम्ही लिहिले तर ते पुन्हा मवाळ होतील.