चौदा आण्यांचा आंबा कसा ओळखावा?



मार्च उजाडला की पहिल्या पेटीचा भाव कानावर येतो आणि हात शिवशिवतात. ‘काढून टाकू एकदाचा’ म्हणत अख्खं झाड एका दिवशी उतरवलं जातं. घात होतो तो इथेच. हापूसला मोहोर दोन-तीन खेपांनी येतो. त्यामुळे एकाच झाडावर एक फळ तयार, तर दुसरं कोवळं असतं. कोवळा आंबा आढीत घातला तर धड पिकत नाही, सुरकुततो, चवीला आंबट लागतो. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुढल्या वर्षी तुमच्या पेटीकडे वळत नाही.

मग ओळखायचं कसं? फळाच्या देठाकडे पाहा. कोवळ्या फळाचे खांदे उतरते असतात. तयार फळाचे खांदे भरून देठाच्या वर येतात, देठापाशी खळगा पडतो. गर्द हिरवा रंग जाऊन फिकट हिरवा होतो. आपल्या कोकणात याला चौदा आणे तयार म्हणतात. तरीही शंका असली, तर नमुन्याची चार फळं काढून पाण्याच्या बादलीत सोडा. बुडतील ती तयार, तरंगतील ती कोवळी.

कुणी म्हणेल, सोळा आणे होऊ दे की! पण झाडावर फार राहिलेल्या हापूसात साका जास्त धरतो, आणि तो आंबा कापल्याशिवाय कळत नाही.

काढणी सकाळी, झेल्याने, थोडा देठ ठेवून करावी. देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतात. आढीला भाताचा पेंढा पुरतो. कार्बाइडच्या पुडीला मात्र हात लावू नका. तिने साल पिवळी होते, कोवळ्या फळाला गोडी येत नाही. शिवाय तिच्यात आर्सेनिकचा अंश असू शकतो, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी कार्बाइडने पिकवलेली फळं विकण्यास बंदी आहे.

आढीतला आंबा खाण्याजोगा झाला का, हे अंगठ्याने दाबून पाहू नये. दाबलेली जागा नासते. देठाकडे नाक न्या, वास सांगतो. नुसत्या रंगावर सगळ्याच जातींचं जमत नाही. उत्तरेकडचा लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो! आढी दिवसाआड उघडून पिकलेली फळं काढून घ्या, आणि नासकं दिसलं तर ते आधी बाहेर टाका.