मेन्तेंगमधील मुक्काम

परक्या शहराचा इतिहास संग्रहालयात जाऊन पाहावा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जकार्ता शहरी जाणाऱ्या प्रवाशाने मेन्तेंग वसाहतीत चार दिवस मुक्काम केला, तर तोच इतिहास त्यास रस्त्यांच्या पाट्यांवर वाचावयास मिळतो.

डच अमदानीत या शहरास बटाव्हिया म्हणत. समुद्रकाठचे जुने शहर रोगट ठरल्यामुळे गोरे लोक हळूहळू दक्षिणेकडे सरकले, आणि १९१० च्या सुमारास मोयेन नावाच्या डच वास्तुशिल्पज्ञाने मेन्तेंगची आखणी केली. उद्यान-नगराची कल्पना युरोपात त्या वेळी नवीनच होती. प्रशस्त रस्ते, दुतर्फा वृक्ष, मधूनमधून चौक आणि प्रत्येक घरास बाग, अशी ही रचना होय. घरांची कौलारू छपरे उंच व उतरती. भिंतींपुढे त्यांच्या वळचणी इतक्या लांब आलेल्या, की ऊन आणि पाऊस दोन्ही बाहेरच अडावीत. येथे उतरणाऱ्या पाहुण्यास दुपारच्या मुसळधार पावसात या शहाणपणाची साक्ष पटते. मात्र त्याच घरांच्या मागील अंगास नोकरांच्या खोल्याही दिसतात. ही शोभा कोणाकरिता होती, आणि कोणाच्या श्रमांवर उभी होती, हे त्या खोल्या सांगतात.

डचांनी येथील रस्त्यांस आपल्या राजघराण्याची व सेनानींची नावे दिली. आचे प्रांत पादाक्रांत करणारा व्हान ह्यूट्स याच्या नावाचा येथे एक राजमार्ग होता. आज त्यास तेउकू उमर याचे नाव आहे. हा वीर १८९९ साली, आचेचा कारभार व्हान ह्यूट्सकडे असताना, डच सैन्याच्या गोळीस बळी पडला. जेत्याची पाटी उतरली व जितांची चढली. वृक्ष मात्र जागच्या जागीच राहिले.

‘नासाऊ’ या डच राजकुळाच्या नावाचा रस्ता आता इमाम बोंजोल याच्या नावाने ओळखला जातो. त्यावरील एका बंगल्यात जपानी आरमाराचे अधिकारी माएदा राहत. १६ ऑगस्ट १९४५ च्या रात्री सुकार्नो, हात्ता व त्यांचे सहकारी तेथे जमले, आणि उजाडण्यापूर्वी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून तयार झाला. तोच दुसऱ्या दिवशी सकाळी सुकार्नोंनी जवळच आपल्या घरापुढे वाचला. ते घर पुढे पाडले गेले. माएदांचा बंगला संग्रहालय होऊन राहिला आहे. १९७५ साली सरकारने मेन्तेंगच्या जतनाचा हुकूम काढला, तरीही कित्येक जुनी घरे पाडून तेथे नव्या श्रीमंतीचे इमले उठले.

तेव्हा परक्यांनी बांधलेले पाडावे, की जपावे? या प्रश्नाचे एक उत्तर वसाहतीच्या उत्तर टोकास उभे आहे. मेन्तेंगची जमीन विकसित करणाऱ्या डच कंपनीची कचेरी आता मशीद झाली आहे. तिला आचेच्याच एका वीरांगनेचे नाव आहे, आणि ही स्त्री डचांशी लढता लढता पडली ती १९१० सालीच. इमारतीचे तोंड मक्केच्या रोखाने नाही. म्हणून नमाजाच्या रांगा भिंतींस समांतर न धरता तिरप्या धरतात. भिंती परक्यांच्या, परंतु दिशा स्वतःची! मेन्तेंगमध्ये राहून परतणाऱ्या पाहुण्याने बागांच्या आठवणीबरोबर ही तिरपी रांगही ध्यानात ठेवावी.