लाईट बिलाचा हिशेब उघडा ठेवू या

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



आज मी लाईट बिलावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, गटाच्या बैठकीत लाईट बिल कुठून आलं? सांगते.

आपल्याकडे बऱ्याच जणींनी घराला लागून दोन-चार खोल्या काढल्या आहेत. काहींनी तर गटाच्या कर्जातून. कारखान्यात कामाला येणारी कुटुंबं, शिक्षक, कॉलेजच्या मुली तिथे भाड्याने राहतात. म्हणजे आज इथे घरमालकीणही बसल्या आहेत आणि भाडेकरूही. आणि या दोघींत भांडण लागतं ते भाड्यावरून कमी, लाईट बिलावरून जास्त.

एका गटातली गोष्ट सांगते, नावं सांगत नाही. मालकीण आणि भाडेकरू एकाच गटात. भाडेकरू ताईंच्या खोलीला सबमीटर होता आणि त्या 10 रुपये युनिटने पैसे द्यायच्या. खोलीत एक पंखा, दोन बल्ब आणि टीव्ही, पण बिल हजाराच्या घरात. विचारलं तर उत्तर मिळायचं, "मीटर दाखवतो ते मी घेते." एक दिवस शब्दाला शब्द वाढला. भाडेकरू ताईंनी बैठकीला येणं बंद केलं, दोन हप्तेही थकले.

आम्ही तिघीजणी घरी गेलो. खोलीतली सगळी बटणं बंद केली आणि मीटर बघत उभ्या राहिलो. मीटर थांबला. तेवढ्यात टाकीची मोटार सुरू झाली आणि मीटर पळायला लागला! वायरमनने सगळ्या घराच्या मोटारीची वायर या एका खोलीच्या सबमीटरवर जोडली होती. मोटार 1 एचपीची, सकाळ-संध्याकाळ एकेक तास चालायची. रोज दीड युनिट, महिन्याला 45 युनिट, म्हणजे 450 रुपये. त्या ताईंची गटातली बचत महिन्याला 200 रुपये. बचतीच्या दुप्पट पैसा दुसऱ्याच्या पाण्यात जात होता.

मालकीण ताईंना हे खरंच माहीत नव्हतं. त्यांनी वायर बदलून घेतली. 8 महिन्यांचे 3,600 रुपये होत होते, ते सहा महिने 600 रुपये भाड्यातून वळते केले. आज दोघी एकाच सतरंजीवर बसतात.

तायांनो, इथे फसवणूक कुणी केली नव्हती, पण हिशेबही कुणी उघडून बघितला नव्हता. आपल्या पंचसूत्रीत हिशेब लिहिणं हे एक सूत्र आहे. गटात दहा रुपये आले तरी ते वहीत लिहून मोठ्याने वाचतो. मग घरच्या लाईट बिलाला तोच नियम का नको?

आता एक हिशेब नीट ऐका. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं. पहिली 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 त्याहून महाग. दर बदलत असतात, म्हणून आपल्या बिलावर बघा. समजायला सोपं म्हणून 6, 12 आणि 16 रुपये धरू.

चार खोल्या आहेत. प्रत्येकीचा वापर 80 युनिट आणि सगळ्यांना मिळून एकच मीटर. एकूण 320 युनिट झाली. पहिल्या 100 चे 600, पुढच्या 200 चे 2,400, वरच्या 20 चे 320. बिल 3,320 रुपये. चौघींना वेगवेगळे मीटर असते तर चौघीही पहिल्या टप्प्यात राहिल्या असत्या. 320 गुणिले 6, म्हणजे 1,920 रुपये. स्थिर आकार प्रत्येक मीटरला वेगळा लागतो. तीन जादा मीटरचे 450 रुपये धरले तरी महिन्याला साडेनऊशे रुपये वाचतात. चौघींनी कितीही काटकसर केली तरी हे पैसे वाचणार नाहीत. ते मालकिणीच्या हातात आहे.

म्हणून ज्यांच्या खोल्या आहेत त्यांना माझी विनंती:

एक. जमेल तिथे प्रत्येक खोलीला महावितरणचा वेगळा मीटर घ्या. "भाडेकरूच्या नावावर मीटर गेला तर खोली बळकावेल," ही भीती मी खूप ऐकते. मग मीटर स्वतःच्या नावावर घ्या आणि भाडेकरार लेखी करा. नुसत्या लाईट बिलाने कुणी घराचा मालक होत नाही.

दोन. सबमीटरच असेल तर मूळ बिल भाडेकरूला दाखवा. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर येईल तोच लावा. आपण खोली भाड्याने देतो, वीज विकत नाही. रीडिंग दोघींनी मिळून बघायचं आणि वहीत दोघींनी सही करायची. मोटार आणि जिन्यातल्या दिव्याचा खर्च वेगळा काढून सगळ्यांत वाटायचा.

तीन. खोलीतल्या वस्तूंकडे बघा. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिट खातो. 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. साधा पंखा 75 वॅटचा, बारा तासांनी महिन्याला 27 युनिट. नवे बीएलडीसी पंखे 30 वॅटच्या आसपास, म्हणजे 11 युनिट. पंखा महाग आहे, एकदम सगळे बदला म्हणत नाही. जुना जळाला की नवा घेताना विचार करा. पत्र्याची खोली असेल तर उन्हाळ्याआधी पत्र्याला पांढरा रंग द्या, पंखा कमी लावावा लागेल. भाडेकरू आज आहे, उद्या जाईल. ती तुमच्या पत्र्यावर खर्च का करेल?

चार. भांडण झालं म्हणून लाईट तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 जिथे लागू आहे, तिथे कलम 29 प्रमाणे मालकाला भाडेकरूची वीज किंवा पाणी असं बंद करता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी खोलीत लेकरं असतात, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असते.

भाडेकरू तायांनो, तुमच्याही काही जबाबदाऱ्या आहेत. पाणी तापवायचा रॉड आणि कॉइलची शेगडी हजार ते दोन हजार वॅटची असते. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट पडलं. ते वापरायचं तर खोली घेतानाच सांगा, कारण वायरिंगही तेवढं दणकट लागतं. बिलाचे पैसे मुदतीच्या आत द्या, उशिराचा दंड मालकिणीच्या माथी मारू नका. आणि विचारायला लाजू नका. 2003 च्या वीज कायद्यात, कलम 43 मध्ये, घराचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघांनाही वीजजोडणी मागता येते असं लिहिलं आहे. मीटरबद्दल तक्रार असेल तर 1912 नंबर आहे.

मला माहीत आहे, विचारणं सोपं नसतं. मीही तालुक्याला भाड्याने राहते. वर्षभर सांगतील तेवढे पैसे देत होते. तुम्हाला हिशेब शिकवणारी मी, पण मालकांकडे बिल मागायला माझी जीभ रेटत नव्हती. त्या मोटारीच्या प्रकरणानंतर मागितलं. त्यांनी लगेच दाखवलं, वर म्हणाले, "आधी का नाही विचारलंस?"

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं लाईट बिल किंवा सबमीटरचं रीडिंग लिहून आणायचं, मालकिणींनी आणि भाडेकरूंनीही. पासबुक वाचतो तसं बिल वाचू. ज्या घरी हिशेब जुळणार नाही, तिथे दोघीजणी जाऊन बटणं बंद करून मीटर बघतील.