जोंगाचे दिवे

जबलपूरचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधारचा प्रपात यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु लष्करात उमेदीची वर्षे घालविलेल्या गृहस्थास या नावासरशी एखादे वेळी एक मोटारगाडीही आठवेल. तिचे नाव जोंगा. हे नाव कोणा अरण्यपशूचे असावे असे वाटते. पण तसे नाही. जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज, असेंब्ली या इंग्रजी शब्दांची अक्षरे जुळवून ते सिद्ध झालेले आहे. तोफांचे गाडे बनविणारा कारखाना या शहरात १९०४ पासून आहे. वाहन निर्माणी उभी राहिली ती १९६९ मध्ये, आणि निस्सान पॅट्रोल या जपानी गाडीच्या नमुन्यावर तेथे घडविलेली जोंगा पुढे तीस वर्षे, म्हणजे १९९९ पर्यंत, सैन्यास पुरविली जात होती. सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे इंजिन, चारही चाकांना मिळणारी शक्ती आणि चिखल, वाळू, दगडधोंडे यांपैकी कशाचीही भीड न बाळगणारा स्वभाव, अशी ही गाडी. सेवानिवृत्तीनंतर लिलावातून अनेक जोंगा खाजगी मालकांच्या हाती गेल्या. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांनी २०१९ मध्ये अशीच एक घेतल्याचे वृत्त सर्वत्र छापून आले होते.

अशी जुनी गाडी घेणाऱ्या मालकाची पहिली तक्रार बहुधा इंजिनाविषयी नसते, ती दिव्यांविषयी असते. दिवसा डोंगर चढून जाणारी ही गाडी रात्री मंडल्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर आणली की पुढे पिवळट उजेडाचे दोन डाग तेवढे पडतात. यात नवल वाटण्याचे कारण नाही. लष्करी वाहनाच्या दृष्टीने प्रकाश हा मित्र असतो तसाच चहाडखोरही असतो. युद्धकाळात रात्री निघालेल्या ताफ्याने शत्रूस दिसता कामा नये, म्हणून दिवे झाकण्याची नाना साधने योजिलेली असतात. लष्करी ट्रकाच्या मागच्या आसाचा फुगीर गोळा पांढरा रंगवून त्यावर एक मिणमिणता दिवा सोडलेला असतो, तो याचसाठी. मागून येणाऱ्या चालकाने तेवढा पांढरा ठिपका पाहायचा आणि त्याच्यामागे जायचे. ज्या शिस्तीत उजेड लपविणे हा गुण मानला जातो, त्या शिस्तीत वाढलेल्या गाडीकडून लखलखाटाची अपेक्षा करणे हे काहीसे अन्यायाचेच होय.

तथापि अन्याय असो वा नसो, रात्री रस्ता दिसला पाहिजे. मग मालक बाजारात जातो आणि मोठा बल्ब मागतो. येथेच पहिली गफलत होते. जुन्या मोटारीत दिव्याकडे जाणारी वीज बॅटरीतून निघून बटनातून, पायाने दाबावयाच्या डिपरमधून आणि चाळीस वर्षांच्या गंजक्या सांध्यांतून वळसे घेत जाते, व परतताना गाडीच्या पत्र्यातून परतते. प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा दाब गळतो. तारेच्या दिव्याचा प्रकाश विजेच्या दाबाच्या सरळ प्रमाणात उतरत नाही, तो फार वेगाने उतरतो. दाब शेकडा दहाने घटला की प्रकाश शेकडा तीसने घटतो. बारा व्होल्टच्या बॅटरीपासून दिव्यापाशी पावणेअकरा व्होल्टच पोचत असतील, तर मालक दिव्याला नावे ठेवतो आणि दोष मात्र तारेचा असतो.

म्हणून जाणता मिस्त्री बल्बाला हात लावण्यापूर्वी पत्र्याशी जोडलेला अर्थचा सांधा घासून स्वच्छ करतो, बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी जाड तार फ्यूजसह थेट आणतो आणि मध्ये रिले बसवितो. रिले म्हणजे विजेने चालणारे बटन. जुन्या बटनाने फक्त रिलेला हुकूम द्यावयाचा. दिव्याचा भार त्याच्यावर पडत नाही. साठ वॅटचे दोन दिवे मिळून बारा व्होल्टला दहा अँपिअर वीज ओढतात. हा भार बटनावरून उतरला की जुनाच दिवा नव्याने जन्मल्यासारखा वाटतो. याउलट रिलेवाचून शंभर वॅटचे बल्ब बसविले तर बटन तापते, तारेचे आवरण वितळते आणि परावर्तकाची चकाकी जळून दिवा पूर्वीपेक्षाही मंद होतो.

हल्ली एलईडीचा बोलबाला आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड साध्य झाला, तिच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या विजेत भरपूर प्रकाश हा तिचा गुण निर्विवाद आहे. पण जुन्या दिव्याचा परावर्तक घडविलेला असतो तो विशिष्ट जागी असलेल्या बारीक तारेसाठी. त्याच खोबणीत एलईडीचा बल्ब खुपसला की उगमस्थान बदलते, किरण सैरावैरा फाकतात. चालकाला वाटते, केवढा उजेड पडला! त्यातला बराचसा झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पडलेला असतो. एलईडी हवीच असेल तर काच, परावर्तक आणि उगम एकमेकांसाठी घडविलेला संपूर्ण दिवाच बदलावा हे बरे.

आणखी एक हिशेब आहे, तो जाहिरातीत आढळत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. दुप्पट लांबचे तितकेच स्पष्ट दिसावे म्हणून चौपट प्रखर झोत लागतो. उलट, वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर एकचतुर्थांश होते. मुरमाच्या रस्त्यावर ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी, चालकाचा पाय ब्रेकवर पोचण्याचा दीड सेकंद धरून, थांबेपर्यंत सुमारे साठ मीटर जाते. तीसने जाणारी वीस-बावीस मीटरमध्ये थांबते. खालच्या झोतात काळ्या घोंगडीतला माणूस साठ मीटरवर दिसेलच असे नाही. बिनदिव्याची बैलगाडी दिसेलच असेही नाही. बाजारातल्या कोणत्याही दिव्यापेक्षा ॲक्सिलरेटरवरचा पाय येथे अधिक उजेड पाडतो, आणि तोही फुकट.

समोरच्या माणसाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला पुरता सराव होण्यास अर्धा तास लागतो, आणि तो मोडण्यास क्षण पुरतो. रात्रपाळीहून सायकलवर घरी परतणाऱ्या कामगाराच्या डोळ्यांत झोत पडला की पुढची काही सेकंदे तो आंधळाच असतो. रस्त्याची कड, खड्डा, कठडा त्याला दिसत नाही. ट्रकांच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ असे रंगविलेले असते, ते वाचतात पुष्कळजण. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत याचे मापच दिलेले आहे: दिव्यापासून आठ मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. जोंगासारख्या उंच गाडीला हे माप पाळणे कठीण, म्हणूनच अधिक आवश्यक. टपावर दिव्यांची लांब पट्टी बसविण्याची जी हौस अलीकडे बोकाळली आहे, तिचा उजेड आधी गाडीच्याच बॉनेटवर पडून चालकाचे डोळे दिपवितो. हा न्याय निसर्गाने परस्पर केला आहे.

हिवाळ्यात पहाटे नर्मदेकाठी धुके उतरते. त्यात पिवळा दिवा अधिक भेदक असतो असा समज दृढ आहे. फ्रान्सने तर १९३६ पासून १९९३ पर्यंत पिवळे दिवे सक्तीचे केले होते. वस्तुतः धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसे काही बिघडत नाही. दिवा खाली बसविलेला, रुंद आणि वरच्या बाजूस स्पष्ट कापलेल्या झोताचा असावा, एवढे पुरे.

राहता राहिली दिव्याची बैठक. परदेशी बनावटीची काच घेताना ती डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची आहे ना, हे पाहावे; अन्यथा जो झोत डाव्या कडेला उचललेला हवा तो उजवीकडे, समोरच्याच्या अंगावर उचललेला निघतो. मग गाडी सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करावी आणि खालच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली येईल असे स्क्रू फिरवावेत. हे काम मागचे सामान, पाण्याचे डबे आणि माणसे गाडीत बसवूनच करावे. रिकाम्या जोंगात साधलेली कड, मागे चारजण बसले की वर चढते.