सामूहिक गोधडी : वारसा आणि श्रमाचे मोल

(अर्थशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



अर्थशास्त्राच्या व्याख्यानाचा आरंभ गोधडीपासून व्हावा, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. तथापि राष्ट्रीय उत्पन्न, असंघटित श्रम, बौद्धिक संपदा आणि सार्वजनिक वस्तू या आपल्या अभ्यासक्रमातील चारही संकल्पना गोधडीच्या एका घडीत सापडतात.

काही वर्षांपूर्वी एका गावातील महिला बचत गटाने गावाच्या वारशाची गोधडी शिवण्याचे ठरविले. प्रत्येक घरातून जुन्या कापडाचा एक तुकडा आणावयाचा, त्यावर गावची बारव, वेस, आठवडी बाजार, पेरणी अशी चित्रे शिवावयाची आणि सर्व तुकडे एका अस्तरावर जोडावयाचे, अशी कल्पना होती. १२ स्त्रियांनी रोज ३ तास याप्रमाणे २० दिवस काम केले. गोधडी तयार होताच एका प्रदर्शनाच्या संयोजकांनी तिला ९,००० रुपयांत मागणी घातली. किंमत योग्य आहे काय, असे मला विचारण्यात आले. जुने कापड फुकटचे. अस्तर, दोरा व इतर साहित्याचा खर्च १,८०० रुपये. व्यवहार फायद्याचा आहे, असे मी सांगून टाकले. तेव्हा गटातील एका ज्येष्ठ स्त्रीने विचारले, “सर, यात आमचे दिवस कुठं धरले?”

तिचा प्रश्न रास्त होता. एकूण श्रम ७२० तासांचे, म्हणजे ८ तासांचे ९० दिवस. साहित्याचा खर्च वजा जाता उरलेल्या ७,२०० रुपयांना ९० ने भागले असता रोजचे ८० रुपये पडतात. त्या हंगामात शेतमजुरीचा दर याहून अधिक होता. ज्याला मी फायदा म्हणत होतो, ती वस्तुतः न दिलेली मजुरी होती. गोधडीचा कच्चा माल आधीच वापरून झालेला असतो. त्यामुळे तिचे जवळजवळ सर्व मूल्य श्रमातून निर्माण होते. अशा वस्तूची किंमत कापडावरून ठरविणे ही हिशेबातील मूलभूत चूक होय.

मोजमापाचा प्रश्न

येथे परीक्षेच्या दृष्टीने एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा. राष्ट्रीय लेखा पद्धतीनुसार कुटुंबाने स्वतःच्या वापरासाठी निर्माण केलेल्या वस्तू उत्पादनाच्या सीमेत येतात. स्वयंपाक, बालसंगोपन यांसारख्या घरगुती विनामोबदला सेवा मात्र त्या सीमेबाहेर राहतात. म्हणजे घरच्यासाठी शिवलेली गोधडी तत्त्वतः उत्पादनच आहे. व्यवहारात तिची नोंद क्वचितच होते. देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण प्रथम २०१९ मध्ये झाले. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे देतात. गोधडीचे टाके पडतात ते बहुधा त्यानंतर उरलेल्या वेळात.

दोन उदाहरणे

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने जोडण्याची ही कला देशभर आढळते. महाराष्ट्रात ती गोधडी किंवा वाकळ, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, तर उत्तर कर्नाटकात कौदी या नावाने ओळखली जाते.

जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव मराठी वाचकांस परिचित आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतही आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील गुलामगिरीतून निसटून या जंगलांत आले. आजही त्यांच्या बोलीचे कोकणीशी नाते आहे. या जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला. येथील स्त्रिया जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. शिवण कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे सरकते. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्याखेरीज कवंदी पूर्ण मानली जात नाही. सिद्दींमध्ये हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कवंदी मात्र तिघांचीही आहे. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क (च) मध्ये ज्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपण्याचे कर्तव्य सांगितले आहे, तिचे याहून बोलके उदाहरण कोणते? २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्थाही स्थापन झाली.

दुसरे उदाहरण बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा गावाचे. नवजात बालकासाठी जुन्या साड्या-धोतरांची सुजनी शिवण्याची तेथे परंपरा होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंसेवी प्रयत्नांतून तिचे पुनरुज्जीवन झाले आणि हुंडा, मुलींचे शिक्षण असे विषय स्त्रियांनी सुजनीवर आणले. वारसा म्हणजे केवळ भूतकाळाचे स्मरण नव्हे, तर वर्तमानाविषयी बोलण्याचे साधनही होय, हे या स्त्रियांनी दाखवून दिले. सुजनी कलाकार निर्मला देवी यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मालकी कोणाची?

बारा हातांनी शिवलेल्या नक्षीचा मालक कोण? आकृतिबंध कायदा, २००० हा नव्या आकृतिबंधांना संरक्षण देतो. पिढ्यान्‌पिढ्यांची नक्षी ‘नवी’ ठरत नाही. भौगोलिक मानांकन कायदा १९९९ चा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याखालील नोंदणी १० वर्षांची व नूतनीकरणक्षम असून हा हक्क व्यक्तीचा नसून उत्पादक समूहाचा असतो. सुजनी व नक्षी कांथा यांना हे मानांकन मिळालेले आहे. परंतु मानांकन नावाला संरक्षण देते, तंत्राला नव्हे. तसलीच नक्षी यंत्रावर काढून वेगळ्या नावाने विकणाऱ्यास ते रोखू शकत नाही. शिवाय अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद नसलेल्या कारागीर स्त्रीच्या पदरी त्याचा लाभ कितपत पडेल, हा प्रश्न उरतोच.

दोन प्रकारच्या गोधड्या

म्हणून माझे प्रतिपादन असे की, वारशाची गोधडी आणि विक्रीची गोधडी यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. गावाच्या स्मृतींची गोधडी ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने पाहिल्याने दुसऱ्याचे पाहणे कमी होत नाही. अशा वस्तूचा खर्च बाजार भरून देत नाही. तो ग्रामपंचायतीने, शाळेने किंवा सांस्कृतिक निधीने उचलावा आणि त्यात मजुरीचा रकाना सर्वांत वर असावा. विक्रीच्या गोधडीची किंमत आधी दिवस, मग दोरा, मग कापड या क्रमाने लावावी. गौरव समारंभ करावेत, परंतु ते मजुरीला पर्याय ठरू नयेत.

त्या गटाने काय केले, हे सांगून मी थांबतो. त्यांनी मोठी गोधडी विकली नाही. ती गावातच ठेवली. प्रदर्शनासाठी त्यांनी लहान गोधड्या शिवल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर कागद टाचला. त्यावर किमतीच्या आधी लिहिले होते : ‘लागलेले दिवस’. आपणही उद्या प्रशासनात जाल, योजनांचे प्रस्ताव तपासाल. तेव्हा हा रकाना कोरा तर नाही ना, एवढे अवश्य पाहा.