कुरणातलं गणित, शहरातली रात्र

धूर किती दूर जातो आणि किती विरळ होतो, याचं बरंचसं गणित गवतावर बेतलेलं आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओनील गावाजवळच्या सपाट कुरणात सल्फर डायऑक्साइड सोडला गेला आणि ५० ते ८०० मीटरवर कमानीसारखी उपकरणं मांडून तो टिपला गेला. १९६१ मध्ये ब्रिटनच्या फ्रँक पास्क्विल यांनी वारा, ऊन आणि ढग एवढ्यावरून हवेचे सहा वर्ग पाडले. ‘ए’ म्हणजे खळबळणारी हवा, ‘एफ’ म्हणजे निपचित. युक्ती सुटसुटीत होती, जगभर चालली. फक्त शहर म्हणजे कुरण नव्हे.

कुरणात सूर्य मावळला की जमीन निवते, तिला टेकलेली हवाही निवते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता ती हीच. शहरात मात्र काँक्रीट, डांबर, विटा दिवसभर गिळलेलं ऊन रात्रभर ओकत राहतात. लंडनची रात्र आसपासच्या गावांपेक्षा उबदार असते, हे ल्यूक हॉवर्ड या औषधं बनवणाऱ्या, हवामानाच्या हौशी अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदी ठेवून दाखवलं होतं.

या उबेमुळे शहरावरची हवा रात्रीही ढवळत राहते. रिक्षा, बेकरी, पेटवलेला कचरा यांचा जमिनीलगतचा धूर वर चढतो, पातळ होतो. कुरणाचं गणित लावलं तर तो कागदावर उगाच दाट दिसतो. उंच चिमणीचं नेमकं उलटं. मोकळ्या रानात तिचा धूर रात्री थंड हवेच्या वरून पट्ट्यासारखा तरंगत जातो, खालच्या माणसाला वासही येत नाही. तोच पट्टा शहरावरच्या ढवळणीत सापडला की खाली ओढला जातो. म्हणजे एकच चूक गल्लीला बदनाम करते आणि चिमणीला निर्दोष सोडते!

अमेरिकेने २००५ मध्ये अधिकृत केलेलं ‘एअरमॉड’ हे धूर कसा पसरेल ते सांगणारं मॉडेल आपल्याकडच्या पर्यावरण अहवालांतही वापरलं जातं. शहराची रात्रीची उष्णता ते ओळखतं लोकसंख्येवरून. कॅनडातल्या शहरांच्या मोजमापांवर बेतलेलं सूत्र सांगतं: वस्ती २० लाख असेल, तर शहर आणि गाव यांत १२ अंशांचा फरक धरा. त्याच सूत्रात बृहन्मुंबईची २०११ च्या जनगणनेतली १ कोटी २४ लाख लोकसंख्या घातली, की उत्तर येतं सुमारे १४ अंश.

शेवटच्या लोकलने कर्जतला उतरणारा मुंबईकर जानेवारीत शाल शोधतो खरा. पण १४ अंश? समुद्राकाठची दमट हवा आणि कॅनडातली निरभ्र, शांत रात्र यांना एका मापाने मोजलं की असं होतं. शहराला कुरण समजण्यापेक्षा हे बरं, एवढंच.

तेव्हा एखाद्या प्रकल्पाच्या जनसुनावणीला जाल, तर जाड अहवालातलं एक पान आधी उघडा. तिथे ‘अर्बन’ निवडलंय की ‘रूरल’, आणि लोकसंख्येच्या रकान्यात कोणता आकडा भरलाय, ते विचारा.